दुबईला निघण्याआधी गावातली कामं

कामं चालू असतील तर चालू द्या, तांदूळ निवडता निवडता ऐका. मात्र जवळ एक वही आणि पेन ठेवा. आज लिहून घेण्यासारखं बरंच आहे.

आमचा बचत गट रत्नागिरी जिल्ह्यातला, खाडीकाठच्या गावातला. आमच्याकडे दर चार-पाच घरांमागे एक तरी माणूस आखातात आहे. कोणी दुबईला ड्रायव्हर, कोणी मस्कतला एसीचं काम करतो, कोणी कुवेतला हॉटेलात. पूर्वी फक्त पुरुष जायचे आणि बायका गावात राहायच्या. आता पगार थोडा वाढला की नवरा म्हणतो, "मुलांना घेऊन तूही ये." चांगलीच गोष्ट आहे. पण बोलावणं येतं आणि घरात एकच धावपळ सुरू होते. नवी बॅग, नवे कपडे, पाहुण्यांचे निरोप. गावातली कामं मात्र तशीच राहून जातात.

आमच्याच गटात हे घडलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या सचिव ताई अशाच गेल्या. आम्ही त्यांची ओटी भरली, फोटो काढले, सगळ्यांनी मिळून जेवलो. आणि बँकेतल्या सहीचा विषय एकीच्याही डोक्यात आला नाही. गटाच्या खात्यावर अध्यक्ष आणि सचिव अशा दोन सह्या लागत होत्या. ताई विमानात बसल्या आणि आमचं खातं अडकलं. नवीन सचिव निवडायची, ठराव लिहायचा, कागदपत्रं द्यायची, नवीन सहीचे नमुने बँकेत नोंदवायचे, यात दीड महिना गेला. नेमका तो लावणीचा दीड महिना. त्यातच एका सदस्य ताईंचा मुलगा तापाने दवाखान्यात दाखल झाला. गटाच्या खात्यात आमचे स्वतःचे पैसे होते, पण त्या ताईंना बाहेरून शेकडा पाच रुपये महिना व्याजाने पैसे उचलावे लागले. चूक बँकेची नव्हती, गेलेल्या ताईंची एकटीचीही नव्हती. आमची सगळ्यांची होती.

आता शिमगा झाला की गटातली आणखी एक ताई दोन मुलांना घेऊन दुबईला निघणार आहे. या वेळी आम्ही शहाण्या झालो. तीन महिने आधी तिच्या ओटीवर बसलो आणि वहीत कामांची यादी केली. तीच यादी आज तुम्हाला सांगतो. तुम्ही दुसऱ्या देशात जाणार असाल तर कागदांचे नियम थोडे वेगळे असतील, पण कामं बहुतेक हीच.

पहिलं काम हिशेबाचं. बॅग भरण्याआधी नवऱ्याला फोन करून पगार, घरभाडं आणि शाळेची फी हे तीन आकडे विचारून लिहून घ्या. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, शारजा, अबुधाबी या भागात, कुटुंबाला बोलावायचं तर नवऱ्याचा पगार किमान ४००० दिरहम हवा, किंवा ३००० दिरहम आणि राहायची जागा हवी. पण व्हिसा मिळाला म्हणजे संसार भागला असं नाही. एकटा माणूस तिथे एका खोलीत चार-सहा जणांबरोबर राहतो, नुसत्या कॉटचं भाडं देतो. बायका-मुलं आली की वेगळी जागा घ्यावी लागते. आपली जिल्हा परिषदेची शाळा मोफत आहे. तिथे आपल्या मुलांना खाजगी शाळेत घालावं लागतं आणि तिची फी मोठी असते. त्यात आजारपणाचा विमा, बसचं भाडं, किराणा मिळवा. ही बेरीज पगारात बसते का, ते नवरा-बायकोने दोघांनी मिळून बघायचं. आमच्या ताईने बेरीज केली तेव्हा जमत नव्हती. मग नवऱ्याने जरा लांब, शारजाला, जागा शोधली, तेव्हा जमली. हे इथे बसून कळलं म्हणून बरं. तिथे गेल्यावर कळलं असतं तर गळ्यातलं विकायची पाळी आली असती.

दुसरं काम कागदांचं. यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पासपोर्ट प्रत्येकाचा वेगळा लागतो, तान्ह्या बाळाचाही. मोठ्यांचा दहा वर्षांचा असतो, मुलांचा साधारण पाच वर्षांचा. आधी काढलेला असेल तर मुदत बघा. प्रवासाच्या वेळी निदान सहा महिने शिल्लक हवेत. अर्ज भरताना आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. पोलीस चौकशीला येतील त्या दिवशी घरी थांबा.

दहावी पास नसलेल्या बाईच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येतो. त्याने घाबरू नका. नवऱ्याच्या व्हिसावर कुटुंब म्हणून राहायला जाताना त्यामुळे अडत नाही. नोकरीसाठी जाणाऱ्याला मात्र त्या शेऱ्यावर सरकारची वेगळी परवानगी लागते. म्हणून कोणी एजंट म्हणाला, "ताई, फिरायच्या व्हिसावर चला, तिथे घरकामाची नोकरी लावून देतो," तर सरळ नाही म्हणा. तशा गेलेल्या बाईकडे नोकरीचा कागद नसतो आणि दाद मागायची तर कठीण जातं.

त्यानंतर लग्नाचा आणि जन्माचा दाखला. आमच्यातल्या कितीतरी जणींची लग्नाची नोंदणीच झालेली नाही. लग्नपत्रिका आणि फोटो असतात, पण ते दूतावासात चालत नाहीत. खेड्यात ग्रामसेवक हेच विवाह निबंधक असतात. त्यांच्याकडे जाऊन नोंदणी करून घ्या. मुलांच्या जन्मदाखल्यावर नाव घातलंय का ते बघा. खूपदा त्या जागी काहीच नसतं, कारण बारशाआधीच नोंद झालेली असते. बाळ ज्या गावच्या किंवा शहराच्या दवाखान्यात झालं, तिथल्या कार्यालयात जाऊन नाव घालून घ्यावं लागतं.

आता वही पुढे ओढा आणि सगळे कागद एका ओळीत मांडा. आधार, पासपोर्ट, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, नवऱ्याचा पासपोर्ट. प्रत्येकावरचं नाव इंग्रजी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आमच्या ताईच्या आधारवर माहेरचं नाव होतं, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर तिचं घरात हाक मारायचं नाव. तीन कागद आणि तीन बायका! हे दुरुस्त करायला तालुक्याला पाच खेपा झाल्या. म्हणून म्हणतो, तीन महिने आधी बसा.

कागद जुळले की त्यांवर शिक्के लागतात. दुबईसाठी लग्नाचा दाखला आणि जन्माचे दाखले आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि मग अमिरातीच्या वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यावे लागतात. सौदी अरेबिया, ओमान किंवा बहारीनला जायचं असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचा 'अपोस्टिल' नावाचा एक शिक्का असतो, तो चालतो. नेमके कोणते शिक्के हवेत ते नवऱ्याने कंपनीच्या पीआरओला विचारून लिहून पाठवायचं. एजंटाकडे मूळ कागद द्यायची वेळ आली तर आधी झेरॉक्स काढा, फोटो काढा, आणि कागद मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय हातातून सोडू नका.

मुलांच्या शाळेचं आधीच बघा. तिथल्या आपल्या अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात आणि आपल्याकडे परीक्षाच एप्रिलमध्ये असते. मुख्याध्यापकांशी दोन महिने आधी बोला. शाळा सोडल्याचा दाखला घ्या, त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या, मागच्या वर्षांच्या गुणपत्रिका घ्या. उपकेंद्रातून लसीकरणाचं कार्ड पूर्ण भरून घ्या. कार्ड हरवलं असेल तर आशाताईंना आजच सांगा.

तब्येतीचंही तसंच. तिथे राहायचा परवाना मिळण्याआधी अठरा वर्षांवरच्या माणसांची रक्ताची तपासणी होते आणि छातीचा एक्स-रे काढतात. कोणाला बरेच दिवस खोकला असेल तर लपवू नका. आधी इथे प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. क्षयाची तपासणी आणि औषधं इथे मोफत आहेत.

तिसरं काम गटाचं. हे आम्ही आमच्या अनुभवाने सांगतो. जाणारी ताई अध्यक्ष किंवा सचिव असेल तर निघायच्या निदान दोन महिने आधी बैठक घ्या. इतिवृत्तात ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, नवीन पदाधिकारी निवडा आणि जुन्या-नव्या दोघींनी मिळून बँकेत जाऊन सह्या बदलून घ्या. नवीन सहीवर एकदा पैसे काढून बघा. पैसे हातात आले की मगच काम झालं असं समजा.

ताईवर कर्ज असेल तर ते फेडून निघावं हे उत्तम. आमच्या ताईवर शेळ्यांसाठी घेतलेल्या कर्जाचे ११,००० रुपये बाकी होते. तिने दोन शेळ्या विकल्या आणि ते चुकते केले. सगळ्यांना हे जमेलच असं नाही. मग हप्ता कोण भरणार, कोणत्या तारखेला भरणार, ते लिहून त्या माणसाची सही बैठकीत घ्या. बँकेचं कर्ज गटाच्या नावावर असतं. एकीचा हप्ता थकला की नाव दहाजणींचं खराब होतं आणि पुढचं कर्ज अडतं. ताईची बचत आणि व्याजाचा वाटा किती, तोही हिशेब करून तिला द्या आणि तिची सही घ्या. पैशाचा विषय काढायला संकोच वाटतो हे खरं आहे. पण संकोचापायी वर्षानुवर्षांची मैत्री तुटलेली आम्ही पाहिली आहे.

चौथं काम बँकेचं आणि सरकारी लाभांचं. परदेशात राहायला गेल्यावर आपलं साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही. ते बँकेत सांगून 'एनआरओ' खात्यात बदलून घ्यावं लागतं. खात्याला जोडलेलं इथलं सिमकार्ड बंद पडू देऊ नका. त्यावरच ओटीपी येतो. सगळ्या खात्यांना वारस लावला आहे ना, ते बघा. मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धीचं खातं असेल तर मुलगी परदेशात राहायला जाते आहे हे पोस्टात सांगा आणि पुढे काय करायचं ते लेखी विचारून घ्या.

रेशनकार्डावरून जाणाऱ्यांची नावं कमी करून घ्या आणि नाव कमी केल्याचा दाखला जपून ठेवा. परत आलात तर नाव चढवायला तो लागेल. लाडकी बहीण योजनेचा हप्ता महाराष्ट्रात राहणाऱ्या बहिणींसाठी आहे. परदेशी जाताना अर्ज देऊन तो आपणहून बंद करावा. "येतायत तर येऊ देत" म्हणून सोडून दिलं, तर उद्या वसुलीची नोटीस सासूबाईंच्या हातात पडेल.

घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल भरून पावत्या एका पिशवीत ठेवा. सातबारा आणि घराचा उतारा ताजा काढून ठेवा. शेत कोणाला कसायला देत असाल, आंब्या-काजूची कलमं कोणाला खंडाने देत असाल, तर किती वर्षांसाठी आणि किती पैशाला, हे कागदावर लिहा. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. भावकीत कागद कशाला असं कोणी म्हणेल. भावकीतच कागद हवा. दिराला किंवा कोणाला कुलमुखत्यारपत्र द्यायची वेळ आली तर फक्त ज्या कामासाठी हवं तेवढ्यापुरतंच द्या. वकिलाकडून मोठ्याने वाचून घ्या. कोऱ्या कागदावर सही तर कधीच करू नका, नवऱ्याने सांगितलं तरीही.

पाचवं काम मागे राहणाऱ्या माणसांचं. आमच्या ताईची सासू सत्तरीची आहे. यादी करत होतो तेव्हा ती कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अगो, सगळ्याची यादी केलीत. माझं नाव कुठल्या पानावर आहे?" आम्ही सगळ्या गप्प झालो. मग तिच्यासाठी नवीन पान काढलं.

त्या पानावर काय लिहिलं ते सांगतो. आईंचं स्वतःचं बँक खातं हवं. मुलगा पैसे पाठवणार ते थेट त्या खात्यात, शेजाऱ्याच्या नाही. एटीएमचा पिन कोणाला सांगायचा नाही. श्रावणबाळ योजनेच्या पैशासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तर त्यांना तिथे घेऊन कोण जाणार? आमच्या गटातल्या एकीने नाव दिलं. रक्तदाबाच्या गोळ्या कोण आणणार? दुसरीने नाव दिलं. पावसाआधी कौलं चाळून घ्यायचे पैसे कोणाकडे ठेवायचे, तेही लिहिलं. रात्री पडल्या-झडल्या तर पहिला फोन कोणाला करायचा, तो नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून टाकला. ताईने आईंना व्हिडिओ कॉल उचलायला शिकवलं. पहिले चार दिवस त्या लाल बटणच दाबत होत्या. आता जमतं.

जाणाऱ्या घराचं राहिलेलं काम शेवटी मागे राहिलेल्या बाईच्या अंगावर येतं. कधी ती सासू असते, कधी जाऊ, कधी गटातली मैत्रीण. म्हणूनच आम्ही या यादीसाठी इतक्या हटून बसलो.

सहावं काम बॅगेचं. इथे आमचं नीट ऐका. आपण घरचा मसाला केल्याशिवाय पाठवणी करत नाही. पण अमिरातीत खसखस न्यायला कायद्याने बंदी आहे. ती अमली पदार्थात धरली जाते आणि विमानतळावर सापडली तर तुरुंग होऊ शकतो. आपल्या कोकणच्या मसाल्यात खसखस असतेच. म्हणून बरोबर द्यायचा मसाला वेगळा कुटा, बिनखसखशीचा. विड्याची पानंही नेऊ नका. औषधं न्यायची तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. काही वेदनाशामक गोळ्या आणि खोकल्याची औषधं तिथे परवानगीशिवाय चालत नाहीत. कोणती नेता येतील ते डॉक्टरांना आणि नवऱ्याला आधी विचारून घ्या.

गावात कळलं की कोणी दुबईला निघालं आहे, की पुडकी यायला लागतात. "माझ्या भाच्याला एवढं दे." नातं कितीही जवळचं असो, शिवलेलं, चिकटवलेलं पुडकं घेऊ नका. आपल्यासमोर उघडून दाखवलं तरच बघू म्हणा, आणि मनात शंका आली तर नाहीच म्हणा. पकडली जाते ती बॅग नेणारी बाई. देणारा गावातच असतो.

सोनं शक्यतो इथेच लॉकरमध्ये ठेवा. अंगावर थोडं जास्त नेणार असाल तर विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येतं. म्हणजे परत येताना आपल्याच दागिन्यांवर कर मागण्याचा प्रश्न येत नाही. सोनाराची बिलं बरोबर ठेवा.

शेवटचं काम तिच्या स्वतःच्या फाइलचं. बाई नवऱ्याच्या व्हिसावर जाते. त्याची नोकरी गेली तर तिचा आणि मुलांचा परवानाही जातो. म्हणून इथलं घर, इथली खाती, इथले कागद चालू अवस्थेत असावेत. तिने स्वतःची एक फाइल करावी. त्यात सगळ्यांच्या पासपोर्टची, व्हिसाची, दाखल्यांची झेरॉक्स असावी. एक संच बरोबर, एक माहेरी. मूळ पासपोर्ट कुठे ठेवला आहे ते तिला माहीत असावं. थोडे दिरहम तिच्या स्वतःच्या पाकिटात असावेत. आणि एक नंबर पाठ असावा: ८०० ४६३४२. अमिरातीतल्या भारतीयांसाठी आपल्या सरकारचं मदत केंद्र आहे, त्याचा हा नंबर, आणि तिथून तो फुकट लागतो. पगार अडकला, कागद काढून घेतले, घरात मारहाण झाली, काहीही झालं तरी तिथे बोलता येतं. आमच्या ताईने तो मुलीकडूनही पाठ करून घेतला आहे.

तर मैत्रिणींनो, ही आमची यादी. तुमच्या गटातलं कोणी जाणार असेल तर या महिन्याच्या बैठकीत तिला विचारा, "ताई, किती कामं झाली?" जी राहिली असतील ती वाटून घ्या. आमच्या ताईच्या वहीत आता दोनच रेघा मारायच्या उरल्या आहेत. एक मुलाच्या शाळेच्या दाखल्याची आणि दुसरी बिनखसखशीच्या मसाल्याची. मिरच्या वाळत घातल्या आहेत. रविवारी आम्ही सगळ्या मिळून कुटणार आहोत.

या वेळीही ओटी भरू, फोटो काढू, जेवू. पण आधी बँकेत जाऊन आलो आहोत.